परदेशातील शिळेवर पणजोबांचे नाव शोधताना

सातारा, सांगली, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत ‘पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले, ते परत आलेच नाहीत’ किंवा ‘आजोबांचे थोरले भाऊ इटलीत पडले’ एवढे एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. कोणती पलटण, कोणती तारीख, कुठली माती, हे सांगणारे माणूस आता घरात उरलेले नसते. मात्र जगभरातील हौशी स्वयंसेवक दफनभूमींत आणि युद्धस्मारकांवर जाऊन एकेका शिळेचे छायाचित्र काढतात व ते सर्वांना पाहता येईल असे ठेवतात. त्यामुळे ज्या शिळेपर्यंत आपण कधी पोहोचलो नसतो, ती घरबसल्या पाहण्याची सोय झाली आहे. या छायाचित्रांच्या आधारे आपला माणूस कसा शोधावा, हे पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी येथे सांगतो. मी स्वतः पुण्यातील जुन्या दफनभूमींत अशी छायाचित्रे काढून पाठवतो आणि माझ्या घराण्याचा शोधही याच मार्गाने घेतला आहे. त्यामुळे मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या, दोघांच्याही अडचणी मला ठाऊक आहेत.

सर्वांत आधी एक इशारा. शोध नावावरून घेऊ नका. क्रमांक, पलटण आणि गाव यांवरून घ्या. पहिल्या उत्साहात मी नेमके उलट केले. पणजोबांच्या नावाशी आणि आडनावाशी तंतोतंत जुळणारी नोंद मिळाली, स्मारकावरील त्या नावाचे छायाचित्रही मिळाले, ते मोठे करून चौकटीत बसवले आणि पितृपक्षात त्याला हार घातला. आठ महिन्यांनी आत्याच्या ट्रंकेत पणजोबांचे पदक सापडले, आणि त्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक व पलटण दोन्ही वेगळी निघाली. हार दुसऱ्याच कोणाच्या पणजोबांना पडत होता. ‘पडला तर पडला, त्यांनाही कोणी घालत नसेल,’ असे आईचे म्हणणे; ते खरेही असेल, पण मला शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

आधी घरातील ट्रंक

संगणक सुरू करण्यापूर्वी घर धुंडाळावे. पहिल्या महायुद्धातील पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. अक्षरे बारीक असतात, म्हणून पदक उजेडात आडवे धरून भिंगातून वाचावे, आणि ते चिंच किंवा पावडर लावून घासू मुळीच नये, कारण त्या घासण्यातच ही अक्षरे जातात. त्याच युद्धात मरण पावलेल्यांच्या घरी सरकारने काशाची एक गोल तबकडी पाठवली होती. ती सुमारे १२ सेंटीमीटर व्यासाची असून तिच्यावर ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती) आणि सिंह आहेत. कित्येक घरांत तिला मोठे नाणे समजून देव्हाऱ्यात ठेवलेले असते. तिच्यावर फक्त नाव असते, हुद्दा किंवा पलटण नसते. तरीही माणूस युद्धातच गेला याचा तो भक्कम पुरावा आहे.

याशिवाय पेन्शनचे कागद आणि जुनी पत्रे पाहावीत. गावाच्या चावडीजवळ किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटीही पाहून यावी. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, अशा मजकुराच्या पाट्या अनेक गावांत आहेत. त्यांवर नावे नसतात, केवळ आकडे असतात; पण आपल्या गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत एवढे कळले तरी तपासाचा पल्ला ठरतो.

गावाचे नाव लिहून घेताना त्या काळचा जिल्हा कोणता, हेही लिहावे, कारण सरकारी नोंदी त्या काळच्या आहेत. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळा झाला. सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पहिल्या महायुद्धाच्या वेळी साताऱ्यात मोडत होता. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, फलटण, औंध, जत ही तर संस्थाने होती, त्यामुळे तेथील माणसाच्या नोंदीत जिल्ह्याऐवजी संस्थानाचे नाव असू शकते.

पलटणींच्या नावांचीही अशीच गत आहे. पहिल्या महायुद्धात १०३ वी, १०५ वी, ११० वी, ११४ वी, ११६ वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी स्वतंत्र क्रमांकांनी ओळखल्या जात. १९२२ च्या फेररचनेत त्या एकत्र करून ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली: १०३ वी तिची पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी बेळगावची प्रशिक्षण बटालियन. घरात ‘तिसरी मराठा’ असे सांगितले जात असेल आणि माणूस १९१६ साली गेला असेल, तर नोंद ११० व्या पलटणीखाली शोधावी लागेल. शिवाय मराठी माणूस मराठा पलटणीतच असेल असे धरून चालू नये. खडकीचे सॅपर्स (लष्करी अभियंते), पायोनियर पलटणी, ग्रेनेडियर्स, १९१७ साली उभारलेली १११ वी महार पलटण, खेचरांचे काफिले, डोलीवाल्यांच्या आणि मजुरांच्या तुकड्या, या सर्वांत आपली माणसे होती, आणि मजूर किंवा स्वयंपाकी म्हणून गेलेल्यांचीही नोंद होते.

मूळ यादी, मग छायाचित्र

नवशिका माणूस थेट छायाचित्रांच्या संकेतस्थळावर जाऊन नाव टाकतो, आणि काही मिळाले नाही की निराश होतो. त्याआधी मूळ यादी पाहावी. दोन्ही महायुद्धांतील राष्ट्रकुल सैन्यांच्या मृतांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था ठेवते. ती २१ मे १९१७ रोजी स्थापन झाली; तिच्याकडे सुमारे १७ लाख नावे आहेत आणि यादीत शोध घ्यायला पैसे पडत नाहीत. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन कालखंडांतील मृत्यूच तिच्या कक्षेत येतात, हे ध्यानात असू द्यावे. १९२५ साली गावी येऊन वारलेले पणजोबा येथे सापडणार नाहीत.

शोधाच्या पानावर सैन्य म्हणून भारतीय सैन्य निवडावे, पलटण ठाऊक असल्यास ती द्यावी, आणि आडनावाचा रकाना प्रथम रिकामाच ठेवावा. त्याऐवजी ‘अधिक माहिती’ या रकान्यात गावाचे किंवा तालुक्याचे नाव रोमन लिपीत टाकावे. पुष्कळ भारतीय नोंदींत ‘अमुकचा मुलगा, अमुक गाव, अमुक जिल्हा’ असा मजकूर असतो, आणि तोच आपल्या कामाचा असतो. गावाचे नाव निरनिराळ्या स्पेलिंगने घालून पाहावे. कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले आहे. आडनावांचेही तसेच. जाधवचे शेवटचे अक्षर कधी व्ही, कधी डब्ल्यू, कधी ओ असते; सावंत व्हीनेही येतो आणि डब्ल्यूनेही; तुकाराम, सखाराम ही नावे मध्ये तोडून दोन शब्दांत लिहिलेली आढळतात. काही नोंदींत पूर्ण नाव आडनावाच्याच रकान्यात असते, तर काहींत आडनावच नसते.

सर्वांना ठाऊक असलेले एक नाव घेऊन सराव करावा. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज आपण ‘यशवंत’ लिहिताना रोमन वायनंतर ए लिहितो. त्यांची नोंद ई घालून केलेली आहे. ‘घाडगे’मधील ड आणि ग यांच्यामध्ये आपण सवयीने एक ए घातला, तर नेमका जुळणारा शोध रिकाम्या हाताने परत येऊ शकतो. पलटण म्हणून ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, तिसरी बटालियन असे दिसेल, आणि स्थळ म्हणून इटलीतील कॅसिनो स्मारक. एवढे नामवंत नाव शोधताना इतकी खटपट पडते, तर आपल्या पणजोबांसाठी चार संध्याकाळी सहज जातील, हे आधीच मनाशी धरावे.

‘स्मारक’ या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक हिंदू घरांची फसगत येथेच होते. दफन झालेल्या सैनिकाची स्वतंत्र शिळा असते. पण ज्यांचे दहन झाले किंवा ज्यांचा देह सापडला नाही, त्यांची नावे सामाईक स्मारकावर कोरलेली असतात. घाडगे यांची कबर नाही, म्हणून त्यांचे नाव कॅसिनोच्या शिलापटावर आहे. इटलीतच सांग्रो नदीच्या दफनभूमीत ५१७ भारतीय सैनिकांचे दहनस्मारक आहे, इरिट्रियातील केरेन येथे, जेथे १९४१ साली मराठा बटालियन लढल्या, तसेच दहनस्मारक आहे, इम्फाळलाही आहे. ब्रह्मदेशातील आघाडीवर गेलेल्यांपैकी ज्यांची कबर ठाऊक नाही अशा जवळजवळ २७,००० जणांची नावे रंगूनजवळच्या तौक्यान येथील स्मारकावर आहेत. तेव्हा ‘आमच्यात पुरत नाहीत, मग थडगे कुठून असणार’ असे म्हणून शोध सोडू नये. पाहायचे आहे ते थडगे नव्हे, शिलापटावरील एक ओळ.

इराकमधील बसऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आणि दुःखदायक आहे. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्या, कबर ठाऊक नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक बसऱ्याला आहे. परंतु तेथील शिलापटांवर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, आणि साध्या शिपायांची पलटणवार केवळ संख्या. १९९७ मध्ये ते स्मारकही मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर वाळवंटात हलवले गेले. म्हणून बसऱ्याच्या छायाचित्रात शिपाई पणजोबांचे नाव दिसले नाही, तर छायाचित्रकाराने चूक केली असे समजू नये. नाव यादीत असू शकते, दगडावर नसते. स्मरणाच्या बाबतीत असा भेदभाव झाला, हे कमिशनने नेमलेल्या समितीच्या २०२१ च्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे: किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची नावानिशी नोंदच झाली नाही किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, आणि त्यांत पूर्व आफ्रिकेचे व इजिप्तचे लोक मोठ्या संख्येने आहेत. यादीत नाव नसणे म्हणजे माणूस युद्धात गेला नाही, असा अर्थ काढू नका.

स्वयंसेवकांकडे

स्थळ, शिलापट क्रमांक आणि सेवाक्रमांक एवढे हाती आले की मग छायाचित्रांकडे वळावे. ‘फाइंड अ ग्रेव्ह’ हे संकेतस्थळ जिम टिप्टन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध व्यक्तींच्या थडग्यांच्या हौसेतून सुरू केले. २०१३ पासून ते अॅन्सेस्ट्री या कंपनीकडे आहे, तरी पाहणे विनामूल्य आहे. ‘बिलियन ग्रेव्ह्ज’वर मोबाइलने काढलेल्या छायाचित्रासोबत जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात, त्यामुळे प्रत्यक्ष जाणाऱ्याला ते अधिक उपयोगी पडते. सैनिकांपुरते बोलायचे तर ‘द वॉर ग्रेव्ह्ज फोटोग्राफिक प्रोजेक्ट’ या स्वयंसेवी प्रकल्पाकडे प्रथम जावे, असे माझे मत आहे.

छायाचित्र आधीपासून नसेल तर विनंती टाकता येते. त्या भागातील एखादा स्वयंसेवक ती स्वीकारतो आणि सवडीने जाऊन येतो. विनंती लिहिताना आपले सर्व ज्ञान तीन ओळींत द्यावे. ‘माझ्या आजोबांच्या भावाचा फोटो पाठवा, फार उपकार होतील’ अशी विनंती मला आली, तर मी कितीही सद्भावनेने गेलो तरी रिकामाच परततो. ‘अमुक दफनभूमी, अमुक विभाग, अमुक ओळ, नावाचे दगडावरील स्पेलिंग असे’ एवढे असेल तर दहा मिनिटांचे काम असते. शिलापट असल्यास केवळ नावाची ओळ नको, पलटणीचे शीर्षक आणि हुद्द्याचा मथळाही चौकटीत यावा, असे आवर्जून सांगावे, कारण शिलापटावर नावे पलटणीखाली आणि हुद्द्याखाली लावलेली असतात, आणि शीर्षकाविना एकटे नाव कोणाचेही असू शकते. उत्तराला महिने लागतात. विचारणा एकदा करावी, तगादा लावू नये. माणूस स्वखर्चाने, रजेच्या दिवशी जातो.

छायाचित्र आल्यावर ते शांतपणे वाचावे. दफन झालेल्या हिंदू सैनिकाच्या शिळेवर बहुधा देवनागरीत ‘ओं भगवते नमः’ असते. त्याखेरीज पलटणीचे चिन्ह, क्रमांक, हुद्दा, नाव आणि तारीख पाहावी. दगडावरील प्रत्येक अक्षर आहे तसे उतरवून घ्यावे, चूक वाटले तरी सुधारू नये. मग क्रमांक, पलटण, वडिलांचे नाव, गाव आणि मृत्यूची तारीख यांपैकी किमान तीन गोष्टी घरातील माहितीशी जुळतात का, ते तपासावे. दोनच जुळल्या तर नोंद ‘संभाव्य’ म्हणून बाजूला ठेवावी. हार घालण्याची घाई करू नये. संकेतस्थळावर छायाचित्राशेजारी छापलेला मजकूर हा पुरावा नव्हे, कारण तो पुष्कळदा मूळ यादीवरून घाऊक उतरवलेला असतो आणि यादीतील चूक तशीच पुढे जाते.

स्मारकावर नाव आहे म्हणजे देह तेथेच आहे, असेही नाही. खडकीचेच उदाहरण घ्या. येथील युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत. पण त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचे जे स्मारक आहे, त्यावरील १,८०० हून अधिक नावे भारत-पाकिस्तानातील ठिकठिकाणच्या नागरी आणि छावणी दफनभूमींत पुरलेल्यांची आहेत, ज्यांच्या कबरींची देखभाल पुढे अशक्य झाली. इंग्लंडमधील एखादे कुटुंब मला ‘आमच्या खापरपणजोबांची कबर’ विचारते, तेव्हा मी नावाचे छायाचित्र पाठवतो आणि सोबत हेही लिहितो.

बेने इस्रायली आणि ख्रिस्ती घराणी

ज्यांच्याकडे दफनाची रीत आहे, त्यांची वाट थोडी निराळी आहे. कोकणातील बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, कबरींवर हिब्रू आणि मराठी, आणि पुढच्या काळातील कबरींवर इंग्रजीही आढळते. घराणे इस्रायलला गेलेले असेल तर अर्ध्या शिळा येथे आणि अर्ध्या तिकडे असतात. हिब्रू भाग वाचता येत नसला तरी घाबरू नये. वरची पे आणि नून ही दोन अक्षरे ‘येथे विसावले आहेत’ या अर्थाची असतात, आणि वर्ष अक्षरांनी लिहिलेले असते, कारण प्रत्येक हिब्रू अक्षराला संख्यामूल्य आहे. हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. अक्षरांची बेरीज ६८० आली, तर त्यात १२४० मिळवावेत म्हणजे १९२० हे साल मिळते; मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्याने तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा मृत्यू असेल तर एक वर्ष कमी धरावे. मराठी भागात शके असेल तर ७८ मिळवावेत, आणि तिथी जानेवारीपासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९.

नावांकडेही येथे डोळे उघडे ठेवून पाहावे. १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर. शिळेच्या हिब्रू बाजूला एक नाव, मराठी बाजूला दुसरे, आणि दोन्ही एकाच माणसाची. ‘कर’ लागलेले आडनाव मूळ गाव सांगते, तेव्हा पुढचा शोध त्या गावच्या दफनभूमीपासून सुरू करता येतो.

मुंबई आणि गोव्यातील चर्चच्या आवारांत जागा अपुरी असल्यामुळे साध्या कबरी काही वर्षांनी पुन्हा उघडल्या जातात आणि अस्थी भिंतीतील कोनाड्यात ठेवल्या जातात. तेथे स्वयंसेवकाने काढलेले जुने छायाचित्र हीच एकमेव खूण उरलेली असू शकते. नसेल तर चर्चच्या दफन नोंदवहीकडे वळावे.

परतफेड

छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याकडे राहतो, म्हणून ते कुलवृत्तांतात किंवा स्मरणिकेत छापण्यापूर्वी विचारावे. नकार मला तरी कधी मिळालेला नाही. नोंदीत चूक असेल तर पुराव्यासह कळवावी. आणि जमल्यास आपल्या गावाजवळच्या दफनभूमीत जाऊन दुसऱ्या कोणासाठी दोन छायाचित्रे काढावीत.

प्रथम राखणदाराला भेटून परवानगी घ्यावी. सकाळी किंवा उतरत्या उन्हात जावे, कारण तिरपा उजेड खोदलेल्या अक्षरांत सावली धरतो आणि माध्यान्हीचे ऊन ती पुसून टाकते. शिळा सावलीत असेल तर सोबत्याने घरातला साधा आरसा धरून बाजूने उजेड पाडावा. पुसट झालेली ओळ क्षणात उठून दिसते. खडू, पीठ, दाढीचा साबण, तारेचा ब्रश यांपैकी काहीही दगडाला लावू नये. साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरे. छावणीच्या एका जुन्या दफनभूमीत मला अशी संगमरवरी शिळा मिळाली होती की तिच्यावर एकही अक्षर नव्हते, नुसती बारीक छिद्रे होती. शिशाची अक्षरे बसवण्यासाठी ती पाडलेली असतात. शिसे गळून पडले किंवा कोणी काढून नेले तरी छिद्रे राहतात. प्रत्येक अक्षराच्या छिद्रांची ठेवण निराळी असते. तिरप्या उजेडात छायाचित्र काढून, घरी कागदावर ठिपके जोडत बसलो, तेव्हा तिसऱ्या रात्री आडनाव लागले. अशी छायाचित्रे कापून किंवा आकार कमी करून चढवू नयेत, मूळ फाइल तशीच जपून ठेवावी, आणि त्याच शिळेसोबत शेजारच्या दोन शिळांचेही छायाचित्र घ्यावे, कारण नवरा, बायको आणि मुले बहुधा एकमेकांशेजारीच असतात.